स्वॅनबॅच तळ्यावरची गाठ

नेरिस प्रोबर्टच्या दुकानात नवं गिऱ्हाईक शिरलं, की त्यानं उचललेल्या निम्म्या वस्तू ती परत फळीवर ठेवायची. "आमिषाच्या गोळ्या चार वासांच्या कशाला? दुकान टाकायचंय का? एक घ्या. मासा तिथं असेल तर एकीवरही येईल, आणि नसेल तर चाळीस टाकूनही यायचा नाही." वडिलांनी कालव्याकाठी हे दुकान काढलं तेव्हापासून श्रॉपशरच्या त्या भागातले लोक गळ, दोरी, आमिष घ्यायला इथंच यायचे, आणि बोलणी खाऊन जायचे. कार्प धरायचा, चटईवर ठेवून डोळे भरून पाहायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, एवढाच तर खेळ. त्यासाठी माशाला इजा होईल असं काहीही ती विकत नसे.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी एडविन मॅडॉक्स आला. चौसष्ट वर्षांचा, चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. नेरिस त्याला नुसतं तोंडओळखीनं ओळखत होती. उभ्या जन्मात त्यानं गळ टाकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"सगळ्यात जाड दोरी दे," तो म्हणाला. "तुटणार नाही अशी. आणि मोठा गळ, काटेवाला. एकदा अडकला की सुटता कामा नये."

"काय धरायचंय मिस्टर मॅडॉक्स? पाणघोडा?"

तो हसला नाही. "कार्प," म्हणाला. परक्या गावाचं नाव घ्यावं तसं.

"कुठं?"

"स्वॅनबॅचला."

नेरिसनं त्याला स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगितलं. दोरी बारा पौंडांची, म्हणजे तेवढी ओढ सोसणारी, पुरे. गळ लहान, बिनकाट्याचा. शिशाचं वजन असं लावायचं की कुठं अडकलं तर आपोआप गळून पडेल. आणि गळाजवळचा वीतभर धागा मुख्य दोरीपेक्षा नेहमी कच्चा ठेवायचा. "तुटायचंच झालं तर तिथं तुटावं. मासा हातचा गेला तर गेला, पण तुमची शंभर यार्ड दोरी आणि शिशाचं ओझं ओढत फिरता फिरता मरायला नको."

एडविननं सगळं मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, "आमिष बडीशेपेच्या वासाचं आहे का?"

"आहे. पण पाणी गार झालंय, आता थोडंच टाकायचं. मक्याचे चार दाणेसुद्धा चालतील."

"नको. त्याला बडीशेपेचंच आवडायचं."

तो निघून गेल्यावर नेरिसच्या लक्षात आलं, की 'आवडतं' नाही, 'आवडायचं' म्हणाला.

पुढच्या शनिवारी तो दोरीचं टोक घेऊन आला. गळ नव्हता. "गाठ सुटली," म्हणाला.

नेरिसनं धागा डोळ्यांपाशी धरला. तुटला नव्हता, दातांनी कातरला नव्हता, दगडावर घासलाही नव्हता. जिथं गाठ होती तिथले सातही वेढ्यांचे वळ धाग्यावर तसेच होते, कुरळ्या केसासारखे. वेढे तेवढे कुणीतरी एकेक करून उलगडले होते.

"तुम्ही नीट आवळली नसेल."

"तूच बांधून दिली होतीस."

ते खरंच होतं. तिनं दुसरी बांधली. थुंकीनं ओली केली, कपाटाच्या खिट्टीला अडकवून सगळा जोर लावून ओढली. त्याच्या पुढच्या शनिवारी एडविन पुन्हा दारात उभा. धाग्यावर तेच वळ. गळ नाही, आमिष नाही. तिसऱ्या खेपेला तिनं गाठीवर डिंकाचा थेंब सोडून रात्रभर वाळवला होता. तीही सुटून आली. डिंकाची टरफलं तेवढी धाग्याला चिकटून राहिली होती.

तीस वर्षं नेरिस गाठी बांधत होती. मासा गाठ तोडतो, घासतो, ओढून सैल करतो. मासा गाठ सोडत नाही. त्याला हात लागतात.

"ओढ कशी येते?" तिनं विचारलं.

"ओढ नाही येत," एडविन म्हणाला. "हळूच घेतो. थोडा वेळ धरून ठेवतो. मग दोरी हलकी होते." तो काउंटरवर वाकला. "तू ती विणलेली दोरी दे, पन्नास पौंडवाली. गळापर्यंत तीच. मीच बांधतो."

"नाही देणार."

"मग दुसरीकडून घेईन. पण घेईन."

त्याच्या डोळ्यांकडे पाहून तिला कळलं, की हा खरंच घेईल. "उद्या रविवार आहे," ती म्हणाली. "दुकान बंद. मी येते तुमच्याबरोबर. मुख्य दोरी तुम्ही म्हणता ती घ्या, पण गळाजवळचा धागा मी बांधणार. कबूल?"

त्यानं मान डोलावली.

संध्याकाळी तिनं ब्रायन हॉटचकिसला फोन लावला. ब्रायन स्वॅनबॅचचा राखणदार, तिच्या शाळेतला मित्र.

"मॅडॉक्स? अगं, तो महिनाभर येतोय," ब्रायन म्हणाला. "जुन्या बोटघराच्या शेजारी बसतो. तिथं मासा लागत नाही म्हणून सांगून सांगून थकलो. तुला माहीत नाही? त्याचा भाऊ तिथंच गेला. लेन. एकोणीसशे त्रेसष्टच्या गोठलेल्या हिवाळ्यात. दोघं बर्फावरून पलीकडे चालले होते, मधेच तडा गेला. लेन सापडलाच नाही. बर्फ वितळल्यावर गळ टाकून, जाळी ओढून सगळं तळं पालथं घातलं, पण नाही."

नेरिसनं फोन ठेवला आणि उगाचच दाराला कडी घातली की नाही ते पाहून आली.

रविवारी दुपारी दोन वाजता तळ्यावर धुकं एवढं दाट होतं की पलीकडचा काठ नव्हताच. बदकं नव्हती. पाणी शिशासारखं पडून होतं. एडविन आधीच येऊन बसला होता, छातीपर्यंतची रबरी विजार चढवून. बाजूला चहाचा थर्मास आणि चीज-कांद्याची सँडविचं, न उघडलेली.

नेरिसनं दहा पौंडांचा धागा काढला, गाठ बांधली, त्याच्यासमोर दोनदा ओढून दाखवली. केसाएवढ्या तंतूत एक गोळी ओवली. बडीशेपेचा वास धुक्यात उभा राहिला. एडविननं गळ काठापासून वीस पावलांवर टाकला आणि काठी बझरवर ठेवली. दोरी जरा हलली तरी तो बीप करतो.

"ब्रायननं सांगितलं असेल," एडविन म्हणाला.

"हो."

"त्यानं हे नाही सांगितलं, की मी त्याला धरलं होतं. बर्फावर पालथा पडून, मफलरला. दुसरं टोक त्याच्या मनगटाला गुंडाळलं होतं. आणि मग माझ्या हातात नुसता मफलर राहिला." त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. "सगळे म्हणाले, बोटं गारठली होती, तुझा काय दोष. आई मरेपर्यंत तेच म्हणत राहिली. पण मी सोडलं, नेरिस. मला माहीत आहे. बर्फ माझ्या पोटाखाली कडकडला आणि मी सोडलं."

तिनं थर्मासमधून चहा ओतला. दोघांनी तो प्यायला.

साडेतीनच्या सुमाराला बझर वाजला. एकदाच.

नेरिस अर्धवट उठली. कार्प घेतो तेव्हा बझर एकतर थडथडतो, नाहीतर किंचाळत सुटतो. हा पुन्हा एकदाच वाजला. मग पुन्हा. बीप. थांबून, बीप. थांबून, बीप. अगदी एकाच अंतरानं. ती पाण्यावरच्या दोरीकडे बघत होती. दोरी डावीकडे सरकत होती, काठाला समांतर, लव्हाळ्यांच्या पुढून, काठापासून कायम तेवढ्याच अंतरावर.

आणि मग तिला त्या आवाजाची लय ओळखू आली. एक पाऊल. दुसरं पाऊल. माणूस रमतगमत चालतो, तशी.

"ऐकतेस ना?" एडविन कुजबुजला. "तो पोहत नाहीये."

त्यानं काठी उचलली. ती वाकली, पण धडपड नाही, झटका नाही, नुसतं वजन. आणि नेरिसनं पाहिलं, की त्यानं रिळाच्या पुढची दोरी उजव्या मनगटाला तीन वेढे घालून घेतली होती. पन्नास पौंडांची. कातडीत रुतत चालली होती.

"मिस्टर मॅडॉक्स! हात सोडवा! हात कापला जाईल!"

"ह्या वेळी नाही सोडणार."

तो पाण्यात उतरला. गुडघे, मांड्या. दोरी आता डावीकडे जात नव्हती, सरळ आत जात होती, खोलाकडे. नेरिस बूट न काढता त्याच्या मागं धावली आणि दोन्ही हातांनी त्याचा पट्टा धरला. पाणी असं गार होतं की श्वास बंद पडला. तिनं टाचा चिखलात रोवल्या, तरी दोघं पुढं सरकत होती. कुणी हिसका देत नव्हतं. कुणीतरी फक्त चालत होतं, आणि ही दोघं त्याच्या मागून ओढली जात होती. पाणी एडविनच्या छातीशी आलं, विजारीच्या काठावरून आत शिरायला लागलं.

"लेन!" तो ओरडला. "अरे, थांब की रे! येतोय मी!"

ओढ थांबली.

धुक्यात काहीच हललं नाही. दोरी ताठ होती, पाण्यात तिरकी गेलेली. मग तिच्यातून एक बारीक थरथर आली. नेरिसच्या हातांतल्या पट्ट्यापर्यंत ती पोचली. पलीकडे कुणीतरी नखानं काहीतरी कोरत असावं, सावकाश, चिकाटीनं. तिला मोजायचं नव्हतं, तरी तिनं मोजलं. सातदा.

दोरी सैल पडली आणि दोघंही मागं कोसळली.

तिनं त्याला काठावर ओढून घेतलं, त्याच्या मनगटाचे वेढे काढले, रक्तावर आपला रुमाल बांधला. तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. "तुझा धागा तुटला. तू मुद्दाम कच्चा बांधलास. पुन्हा सुटला माझ्या हातून, पुन्हा..."

नेरिसनं दोरी गोळा केली. तिलाही वाटलं होतं, की धागाच तुटला. दहा पौंडांचा धागा, दोन माणसांची ओढ. पहिल्याच पावलाला तुटायला हवा होता. पण तो अखंड होता. टोकाला सात वळ होते.

बोलावं की नाही, असं तिला क्षणभर झालं. मग तिनं ते टोक त्याच्या तळहातावर ठेवलं.

"बघा नीट. तुटलेला नाही. तुमच्या हातून सुटला नाही. तुम्ही तर बुडायला निघाला होतात, तरी सोडत नव्हतात. हे त्यानं सोडलंय."

एडविन कितीतरी वेळ त्या धाग्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"त्यानं," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा, अगदी वेगळ्या आवाजात, "मफलर त्याच्या मनगटाला गुंडाळलेला होता. पक्का. नुसता निसटून आलाच नसता." आणि तो पाण्याकडे असा बघायला लागला, की नेरिसनं तोंड फिरवलं.

त्यानंतर एडविन स्वॅनबॅचला गेला नाही.

फेब्रुवारीत बांधाचं पाणी सोडायचं दार दुरुस्त करायला तळ्याचं पाणी चार फूट उतरवलं. ब्रायन दुकानात आला, टोपी हातात घेऊन, नेहमीची थट्टा न करता. "जरा येऊन बघ," म्हणाला.

उघडा पडलेला चिखल काळा आणि मऊ होता, शेवाळ आणि शिंपल्यांनी भरलेला. त्यातून काठाच्या कडेकडेनं एक वाट गेली होती. वीतभर रुंद, तुडवून तुडवून गुळगुळीत झालेली, दगडासारखी टणक. बोटघरापासून निघून ती सगळ्या तळ्याला वळसा घालून बोटघराशीच परत येत होती.

"हरणं असतील," ब्रायन म्हणाला.

"चार फूट पाण्याखाली?"

"मग तूच सांग ना, काय ते."

"दार बसवून पाणी कधी भरताय?"

"गुरुवारी."

"बुधवारी बसव," नेरिस म्हणाली. "आणि मॅडॉक्सला यातलं अवाक्षर सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

ब्रायननं मंगळवारीच दार बसवलं.

एप्रिलमध्ये एडविननं चर्चच्या आवारात दगड बसवून घेतला. लेनर्ड मॅडॉक्स, आणि दोन सालं. देह नाही तर दगड कसला, असं म्हणत चव्वेचाळीस वर्षं त्यानं ते होऊ दिलं नव्हतं. पाच माणसं जमली, धर्मगुरू धरून. वारा असा होता की प्रार्थनेतलं निम्मं ऐकूच आलं नाही. नंतर पबमध्ये एडविननं सगळ्यांना बिअर पाजली आणि लेननं एकदा शेजाऱ्याचं डुक्कर रंगवून जत्रेत विकायला नेलं होतं, तो किस्सा सांगितला. सांगता सांगता तो एवढा हसला, की शेवट ब्रायनला सांगावा लागला. त्याला तो कसा ठाऊक, कोण जाणे.

निघताना एडविननं नेरिसला बाहेर गाठलं. त्याच्या मनगटावर तीन पांढरे वण होते.

"एक विचारू?" तो म्हणाला. "कालव्यात कार्प आहेत का गं? लहानसे?"

"आहेत की."

"मग सोमवारी येतो. मला खरंच शिकायचंय."

"या," नेरिस म्हणाली. "आमिषाला पाव घेऊन या घरून. सुरुवातीला दुसरं काही लागत नाही."