आकाशचं नाव

"बाप्तिस्मा झाला नव्हता त्याचा, रुक्मिणीअक्का. मी काय करू, सांगा की," असं म्हणत पद्मनाभअण्णांनी मृतांच्या यादीतली शेवटची ओळ खोडली.

ओळ कसली, 'आकाश' एवढा एकच शब्द. रुक्मिणीने दुपारी स्वतःच्या हाताने लिहिलेला.

हुबळीतल्या त्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीची एक जुनी रीत आहे. ईस्टरच्या पहाटे सगळे कबरस्थानात जमतात. मंडळीचे वडील, म्हणजे अण्णा, मृतांची नावं एकेक करून पुकारतात आणि मेलेले पुन्हा उठतील या विश्वासाने प्रत्येक नावाला लोक एका आवाजात जबाब देतात, "उठेल!" पाळकसाहेबांच्या पदरी तीन गावं, ते दहाशिवाय उगवत नसत. त्यामुळे पहाटेचा कारभार अण्णांचा. माणूस वाईट नव्हता, पण नियमांची काळजी देवापेक्षा त्यांनाच जास्त.

रुक्मिणी प्रसूतिगृहातली नर्स. तिच्या जिभेला डॉक्टरही वचकून असत. जगण्याची आशा नसलेल्या कितीतरी ख्रिस्ती बाळांवर तिने घाईघाईने नळाचं पाणी शिंपडून बाप्तिस्मा दिला होता. ती नावं यादीत होती. तिचं स्वतःचं बाळ आलं तेव्हा मात्र तीच टेबलावर होती आणि रक्त थांबत नव्हतं. बाळ अकरा मिनिटं जगलं. पाण्याचं कोणालाच सुचलं नाही. ती शुद्धीवर आली तोवर त्याला कबरस्थानाच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात पुरूनही झालं होतं. तिथे यादीबाहेरची आणखीही बाळं होती. एकतीस ईस्टर ती त्या कोपऱ्याकडे पाठ करून इतरांसाठी "उठेल" म्हणत आली होती. आता तिला ते सहन होईना.

"अण्णा, येशूच्या कबरेवरची धोंड लोटली तेव्हा देवदूतानं यादी मागितली होती काय?"

"असं बोलू नये, अक्का."

"मग कसं बोलू? अकरा मिनिटं जगला तो. त्यात काय पाप केलं ते दाखवा, मी गप बसते."

अण्णांनी यादीची घडी घातली आणि चपला शोधू लागले.

पहाटे कबरस्थानात ताज्या चुन्याचा वास होता. हातात मेणबत्त्या, बाहेर गोकुळ रोडला जाणारा एखादा ट्रक. अण्णांचा आवाज खणखणीत.

"विठ्ठलराव!"

"उठेल!"

"शुभांगी!"

"उठेल!"

यादी संपली. अण्णांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले, तोच कोपऱ्यातून आवाज आला, "आकाश!"

रुक्मिणी भिंतीपाशी गुडघाभर गवतात उभी होती. लोकांच्या मेणबत्त्या तिकडे वळल्या.

"सुम्मनिर्री, अक्का," कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. "गप बसा की. काय करायलाय तुम्ही हे?"

"नाही बसत. तुम्ही म्हणू नका, मी एकटी म्हणते." तिने पदर कमरेला खोचला आणि घशाच्या शिरा ताणून ओरडली, "उठेल! माझा मुलगा उठेल!"

तिला रडू कोसळलं, पण मान काही तिने खाली घातली नाही.

गर्दीच्या मागून शाळामास्तरीण अनिता पुढे आली. "आमची एक आहे तिथं," ती म्हणाली. "रूपा."

"उठेल!" रुक्मिणी म्हणाली. या वेळी आणखी दोघातिघांचे आवाज मिसळले.

मग म्हातारी मथुरा काठी टेकत निघाली. "नाव नव्हतं ठेवलं गं माझ्या लेकराचं. पण होता की तो."

"उठेल!" आता सगळेच म्हणाले, पुरुषसुद्धा. ओल्या गवतातून एकेक बाई कोपऱ्याकडे निघाली. अण्णा हात वर करून "थांबा, थांबा" म्हणत राहिले, पण ऐकतंय कोण!

शेवटी हेमावती निघाली, अण्णांची बायको. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला न विचारता ती दाराबाहेर पडलेली कोणी पाहिली नव्हती. कोपऱ्यात जाऊन तिने भिंतीलगतच्या एका जागी आपली मेणबत्ती रोवली. रुक्मिणीने तिचा हात घट्ट धरला. सगळे अण्णांकडे बघू लागले.

अण्णांनी वर केलेले हात खाली घेतले. मग गवत तुडवत बायकोपाशी आले.

"हेमा," त्यांनी विचारलं, "तू काय नाव ठेवलं होतंस तिचं?"