मारुतीला करंट आहे

विवेकाची लढाई शेवटी रक्त मागते, असं पुंजाराम तिडके आजवर प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगत आला होता. त्याचं स्वतःचं रक्त निघालं ते नाकातून, आणि काढलं ते नारळाने.

पुंजाराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रात अभियंता. मतं सगळी ठाम. टीव्हीवरची चर्चा म्हणजे सहा जणांनी मिळून एकमेकांचं न ऐकणं. मोबाइल म्हणजे आपल्याच खिशातून पोसलेला चुलता, दिवसभर सुप्रभात पाठवणारा. देवाबद्दल तो एवढंच म्हणे, की असला तर त्याने निदान अर्थिंग नीट करून घ्यावं. यावर बायको प्रतिभा "हं" म्हणायची आणि आणखी एक उपास धरायची.

मळ्यातल्या मारुतीला कमिटीने आरतीचं मशीन आणलं. बटण दाबलं की मोटार फिरते, नगारा बडवला जातो, झांजा आपटतात, घंटा हलते. माणसाने फक्त हात जोडायचे. मशीन गाभाऱ्यापुढच्या स्टीलच्या रेलिंगला वेल्डिंग करून टाकलं. थोड्याच दिवसांत बोभाटा झाला, की रेलिंग धरलं की अंगभर मुंग्या येतात. मग सनी आला. त्याचं यूट्यूबवर चॅनल होतं. त्याने 'जागृत रेलिंग' असा मथळा दिला आणि सिन्नरपर्यंतची माणसं रांगेत येऊन उभी राहिली.

पुंजाराम चहा पिता पिता सनीचं लाइव्ह बघून हसत होता. हसता हसता थांबला. रांगेत प्रतिभा होती. डोक्यावरून पाणी घेतलेलं, लुगडं ओलंचिंब, पाय अनवाणी. अशा अंगाने त्या लोखंडाला हात लावला तर काय होतं, ते त्याने नोकरीत एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. फोन केला, तर तो स्वयंपाकघरातच वाजला.

तो देवळात घुसला तेव्हा प्रतिभाच्या पुढे थोड्याच बाया उरल्या होत्या. दारात कमिटीचा अध्यक्ष राजू. शाळेत दोघे एका बाकावर.

"राजू, मेन बंद कर! करंट आहे!"

"हायच ना!" राजू खूश झाला. "आम्ही काय येगळं म्हनतो?"

"अरे, खरा करंट!"

"मग मारुतीचा काय खोटा असतो व्हय?"

पुंजाराम रांगेकडे वळून गळा फाटेस्तोवर ओरडला, "हात लावू नका! जबरदस्त करंट आहे!"

देवाला करंट आहे म्हणजे देव पावतो, एवढं मराठी सगळ्यांना येत होतं. नास्तिक साहेबसुद्धा जबरदस्त म्हणतो म्हटल्यावर रांग मोडली आणि मागचे पुढच्यांना तुडवत निघाले. सनीने माइक त्याच्या तोंडावर आदळला. ओठ सुजला.

"साहेब, तुम्हाला कधीपासून जाणवतोय?"

पुंजारामने त्याला ढकललं आणि तो गाभाऱ्यातल्या मेन स्विचकडे झेपावला. स्विचलाही कुणीतरी शेंदूर फासला होता.

"चपला! चपला घालून आत गेला!"

राजूने त्याला मानगूट धरून मागे ओढलं. "काढ चपला!"

"रबर आहे रे! काढल्या तर मरेन!"

"मग मर ना भाडखाव!"

चपला दुसऱ्यांनीच काढल्या आणि त्याच त्याच्या थोबाडावर बसल्या. एका भाविकाने वाहायला आणलेला नारळ नाकावर फोडला. नारळ निघाला पक्का, नाक कच्चं. बरगडीत लाथ बसली, तेव्हा आत काहीतरी कडकन वाजलं. पायांच्या जंगलातून त्याला दिसलं, की प्रतिभाचा ओला हात रेलिंगकडे निघालाय. तो रांगत गेला आणि त्याने तिच्या मनगटावर कोपराचा असा दणका घातला, की बांगड्या फुटून खळ्ळकन फरशीवर पडल्या.

"देवापुढं बायकोला मारतोय मुडदा!"

आता बायाही उतरल्या. तेलाचा डबा डोक्यात बसला. पाच-सहा जणांनी त्याला उचलला आणि थेट रेलिंगवर फेकला.

घामाने-रक्ताने भिजलेले तळवे तिथेच चिकटले. अंग थडथडलं, डोळे पांढरे झाले, चावलेल्या जिभेतून रक्त आणि "ऊंऽऽ" असा आवाज एकदमच बाहेर पडला. मारणारे हात थबकले.

"आलं! अंगात आलं!"

लगेच त्याच्या फुटलेल्या कपाळावर हळदकुंकू पडलं. राजूने धावत येऊन पाय धरले आणि तो उलटा उडून नगाऱ्यात घुसला. नगारा फाटला, घंटा मात्र जोरात चालूच. एक म्हातारा लांबूनच ओरडला, "महाराज, नातवाला नोकरी कधी?" महाराज थडथडत होते. प्रतिभा त्याच्याकडे धावली, ती ओल्या हातांनीच.

तेवढ्यात घंटा थांबली, मोटार थांबली. पुंजाराम रेलिंगवरून सुटला आणि धप्पकन खाली पडला. प्रतिभाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"अहो! जिवंत आहात ना?"

त्याने रक्त गिळलं. एवढ्या गर्दीत एका तरी माणसाला कळलं होतं, एकाने तरी डोकं चालवलं होतं.

"मेन... कुणी बंद केला?"

"कुणीच नाही," प्रतिभा पदराने त्याचं नाक पुसत म्हणाली. "आज शनिवार. तुमच्याच खात्याचं दुरुस्तीचं काम असतं, दहाला लाइट जाते."