चौदावं कलम

चौदावं कलम मी लिहिलं तेव्हा भुंगी मांडीवर दूध पीत होती आणि माझा उजवा हात तेवढा मोकळा होता. आमच्या कॉलेजच्या पाळणाघरात बसले होते. खाली सतरंजी, भिंतीला लागून सहा पाळणे, कोपऱ्यात बेसिन आणि खिडकीशी बसून बाळांच्या मोज्यांच्या जोड्या लावणाऱ्या मावशी. भुंगी हे नावही मावशींचंच. लेक झोपताना नाकातून गुणगुणते म्हणून.

"काय गं एवढं लिहितेस? नवऱ्याला पत्र?"

"नियम लिहितेय, मावशी. मंडळाचे."

"मग एक माझाही घाल. मोजा हरवणाऱ्या आईला अंगठे धरून उभं करायचं."

आमच्या कॉलेजचे कॅम्पस चार. मुख्य, नदीकाठचा, स्टेशनजवळचा आणि आमचा. आमचा म्हणजे पूर्वीचं कापसाचं गोदाम, आणि सगळे त्याला अजून गोदामच म्हणतात. तिथे प्रयोगशाळा सहायकाचा दोन वर्षांचा कोर्स चालतो. शिकणाऱ्यांत निम्म्या बायका, त्यातल्या बऱ्याच लेकुरवाळ्या. पाळणाघर नसतं तर निम्मा वर्ग घरी बसला असता, मी धरून.

चारही कॅम्पसच्या विद्यार्थ्यांचं एक संयुक्त मंडळ होतं, कागदावर. प्रत्येक कॅम्पसचा एक प्रतिनिधी आणि अध्यक्ष म्हणून कॉलेजच्या कुलसचिव मॅडम. चौघे आले तर सभा, आणि चौघे कधी येत नसत. कोणाची परीक्षा, कोणाची नोकरी, कोणी नुसताच विसरलेला. सभा बारगळली की मॅडम चष्मा पुसत म्हणायच्या, "आम्ही विचारायला तयार आहोत हो. पण विचारायचं कोणाला?" मग वेळापत्रकं, खोल्या, परीक्षा सगळं वरच्या वर ठरायचं आणि आम्हाला फळ्यावर वाचायला मिळायचं.

गोदामातून दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, म्हणून मी बिनविरोध निवडून आले. पण एकदा आल्यावर मनावर घेतलं. चार महिने मॅडमच्या केबिनबाहेर भुंगीला खांद्यावर टाकून उभी राहिले तेव्हा तेरावं कलम पदरात पडलं: कुठल्याही कॅम्पसची खोली त्या कॅम्पसच्या प्रतिनिधीच्या संमतीशिवाय दुसऱ्या कामाला घेता येणार नाही. मॅडमची अट एकच होती, की यापुढे सभा बारगळता कामा नये.

म्हणून चौदावं: सात दिवस आधी सूचना मिळूनही प्रतिनिधी गैरहजर राहिला, तर त्याच्या कॅम्पसची ठरावाला संमती आहे असे मानले जाईल. बदली माणूस चालणार नाही. हे शेवटचं वाक्य मुख्य कॅम्पससाठी होतं. ते कॅन्टीनमध्ये जो सापडेल त्याला पाठवून द्यायचे.

"ताई, जरा कडक नाही का होत?" स्टेशन कॅम्पसच्या प्रतिनिधीनं विचारलं होतं. तो रात्री पार्सलं लावायच्या कामावर असायचा आणि सकाळी सभेला येऊन बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा, म्हणून त्याचं नाव डुलक्या. त्याला ते माहीत होतं. फोनवर स्वतःच सांगायचा, डुलक्या बोलतोय. "आपल्यासारख्यांना एखाद्या वेळी नाही जमत."

"जमवायचं. नाही जमत, नाही जमत म्हणूनच इतकी वर्षं कोणी आपल्याला विचारलं नाही."

"बरं. मग माझी झोप तुम्ही जमवून द्या," तो म्हणाला आणि हात वर केला.

चौघांचे हात वर गेले. मॅडम म्हणाल्या, "किती स्वच्छ लिहितेस तू. एक शब्द इकडचा तिकडे नाही." ते वाक्य मी घरी तीनदा सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असतो; हातावरचं ग्रीस घासत म्हणाला, "चौथ्यांदा सांगितलंस तर मीच राजीनामा देईन."

त्यानंतर लागोपाठ तीन सभा झाल्या. मंडळ उभं राहिलं म्हणून जो तो मला शाबासकी देत होता.

चौथ्या सभेची सूचना वेळेवर आली. सहावा विषय, गोदामातल्या एका खोलीचा फेरवापर. परीक्षा विभागाला उत्तरपत्रिकांची कपाटं ठेवायला जागा हवी होती आणि त्यांचा डोळा पाळणाघरावर होता. मी निर्धास्त होते. जायचं, नाही म्हणायचं, परत यायचं. तेराव्या कलमाचं बोट धरून बसले होते.

सभेच्या दिवशी सकाळी भुंगीला ताप होता. कपाळावर पट्टी ठेवत मी साडीला पिना लावत होते. साडेनऊला तिनं अंग ताठ केलं. डोळे वर फिरले, ओठ निळसर झाले, मूठ उघडेना. मला वाटलं, गेली. नवरा कुठल्या तरी इमारतीत अडकलेल्या लिफ्टच्या टपावर होता, फोन लागेना. शेजारच्या शिंपिणीनं रिक्षा थांबवली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तापाचा झटका आहे, लहान मुलांना येतो, घाबरू नका, पण संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू. भुंगीच्या हातात सुई होती आणि दुसऱ्या हातानं तिनं माझं बोट धरलं होतं. मी एका हातानं पत्र लिहिलं: सहावा विषय पुढच्या सभेला घ्यावा, गोदामची संमती नाही.

पत्र घेऊन जुळ्यांची आई गेली. ती माझ्याच वर्गात. तिची दोघं पहिल्या दोन पाळण्यांत असायची. तिला आत घेतलं नाही. बदली माणूस चालत नाही. पत्र मात्र शिपायानं आत नेलं आणि ती दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिली. पुढचं तिनंच मला सांगितलं.

मॅडमनी विचारलं, "गोदाम?" थोडं थांबून पुन्हा विचारलं, "गोदाम?"

डुलक्या जागा होता. "मॅडम, तिचं बाळ दवाखान्यात आहे. पत्र आलंय ना. पुढच्या वेळी घेऊ की."

"मलाही वाईट वाटतंय," मॅडम म्हणाल्या. "पण पत्र म्हणजे हजेरी नाही. आणि नियम तिचाच आहे. आज वाकवला तर उद्या कोणासाठीही वाकवावा लागेल."

"मग वाकवा," डुलक्या म्हणाला. ते इतिवृत्तात आलं नाही. इतिवृत्तात आलं ते एवढंच: गोदाम, संमती.

आठवड्यात कपाटं आली. लोखंडी, हिरवी, माणसापेक्षा उंच. पाळणे उभे करून दोरीनं बांधले. मावशींच्या हातात मोज्यांची पिशवी राहिली, सगळे एकेकटे.

"माझा नियम घातला असतास तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. हसल्या, आणि मग पदर तोंडाशी धरून बराच वेळ बेसिनकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

जुळ्यांच्या आईनं तीन आठवडे रेटलं. एक कडेवर, एक पाठीशी, अशी प्रयोगशाळेच्या दारात यायची. शिकवणारे सर तसे भले. "इथे ॲसिड आहे, बाई," ते म्हणाले, "माझ्या जिवात जीव राहत नाही." एक दिवस तिनं तिचा पांढरा कोट घडी करून माझ्या हातात दिला. "तुला बदलायला होईल." मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तू आता रडू नकोस बरं का. दोघं आधीच रडतायत, तिसरं कुठे घेऊ?"

मी आठवड्यातले दोन दिवस भुंगीला नवऱ्याबरोबर पाठवत होते. तो तिला हत्यारांच्या गाडीत पुढच्या सीटला पट्ट्यानं बांधून न्यायचा आणि दर अर्ध्या तासाला खाली येऊन बघायचा. उरलेले दिवस मी वर्ग बुडवायची. कार्यालयातल्या बाईंनी हजेरीचा तक्ता माझ्यासमोर धरला. आणखी चार दिवस गैरहजर, की परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष जाणार. "आणि एकदा घरी बसलीस की परत येत नाहीस," त्या म्हणाल्या. "किती जणी बघितल्यात मी."

पुढच्या सभेची सूचना आली. चौथा विषय, पाळणाघरासाठी पर्यायी जागा. म्हणजे मॅडम विसरल्या नव्हत्या. खाली लिहिलं होतं, स्टेशन कॅम्पस, अभ्यासिका.

ती अभ्यासिका मी पाहिली होती. तळमजल्यावर, दोन नळ, मोठ्या खिडक्या. स्टेशनवर शिकणारी बरीच मुलं रात्रपाळीची. कामावरून सुटली की घरी न जाता थेट तिथे येतात. अकराच्या तासापर्यंत कोणी वाचतं, कोणी टेबलावर डोकं टेकतं. डुलक्यानंच मला दाखवली होती. "ही आमची झोपेची खोली. वर पाटी बघा." भिंतीवर उंच रंगवलं होतं, शांतता राखा.

सभेला मी भुंगीला घेऊन गेले. मुख्य आला होता, नदीकाठ आला होता. डुलक्याची खुर्ची रिकामी. पहिला विषय चालू असताना पिशवीतला माझा फोन थरथरला. मी टेबलाखाली वाचलं. "ताई, कामावरून सोडत नाहीयेत. तासाभरात पोचतो. अभ्यासिकेचा विषय तेवढा शेवटी घ्यायला सांगा."

नाही म्हणा, असंही त्यानं लिहिलं नव्हतं. शेवटी घ्या, एवढंच.

दुसरा विषय झाला. तिसरा झाला. मी मनात वाक्य जुळवत होते: मॅडम, स्टेशनचा निरोप आहे. पाच शब्दसुद्धा नव्हते. भुंगीनं माझ्या मानेत नाक खुपसलं. हजेरीचा तक्ता माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तो आला तर नाही म्हणणार. आणि का म्हणू नये त्यानं? गोदामासाठी मीही तेच म्हणणार होते.

"चौथा," मॅडम म्हणाल्या. "स्टेशन?" थांबल्या. "कोणाकडे काही निरोप?"

त्यांनी त्या दोघांकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे. मी भुंगीच्या झबल्याचं बटण लावत होते. ते आधीच लागलेलं होतं. मी काही बोलले नाही. आणि न बोलणं म्हणजे काय धरायचं, ते मीच लिहून दिलं होतं.

"स्टेशन, संमती," मॅडमनी लिहिलं. "बाकीचे?"

मुख्यचा हात वर गेला, नदीकाठचा गेला. माझाही.

डुलक्या आला तेव्हा आम्ही चहा घेत होतो. जिना पळत चढला होता. बाहीला चिकटपट्टीचा तुकडा, डोळे लाल. "चौथा झाला?"

मॅडमनी शांतपणे सांगितलं. तो माझ्याकडे वळला. "ताई, मेसेज नाही मिळाला का?"

नाही म्हणता आलं असतं. रेंज नव्हती म्हणता आलं असतं.

"भुंगी रडत होती," मी म्हणाले.

भुंगी माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती आणि त्या एवढ्या शांत खोलीत तिचं गुणगुणणं सगळ्यांना ऐकू येत होतं. त्यालाही आलं. त्यानं तिच्याकडे बघितलं. मग बाहीवरचा तुकडा सोलून काढला.

"असू दे," तो म्हणाला. "पोरीची सोय झाली." टोमणा मारला असता तर मला उत्तर देता आलं असतं. त्यात टोमणा नव्हता.

पाळणाघर आता स्टेशनला आहे. मावशी परत आल्या. सहाही पाळणे लागले, त्यातले चार भरतात. जुळ्यांच्या आईला मी फोन केला होता. ती म्हणाली, "दोन बस बदलून दोघांना घेऊन? नको गं. मी आता दुकानात लागले. बसायला स्टूल देतात." कोट माझ्याकडेच आहे. माझी हजेरी भरली, मी पहिल्या वर्षाची परीक्षा दिली आणि पास झाले. सकाळी भुंगीला सोडायला जाते तेव्हा बाहेरच्या पायऱ्यांवर दोघं-तिघं मुलं भिंतीला टेकून झोपलेली असतात. मी चपला हातात घेऊन त्यांना ओलांडते. आतली पाटी पुसायला शिडी मिळाली नाही, म्हणून ती तशीच आहे.

डुलक्यानं मंडळ सोडलं. त्याच्या जागी कोणी उभं राहिलं नाही. चौदावं कलम काढून टाकायचा ठराव मी दोनदा मांडला. दोन्ही वेळा मुख्य आणि नदीकाठ विरोधात, दोन-दोन होऊन ठराव पडला. सभा आता किती वेळेवर होतात, बघा ना, ते म्हणतात. स्टेशनची संमती होती, अर्थातच. स्टेशनची आता सगळ्यालाच असते. गेल्या महिन्यात त्यांची सायकल लावायची जागा गेली, त्यालाही होती.

मॅडम मात्र अजून दर विषयाला विचारतात, "स्टेशन?" आणि पेन वर धरून थोडं थांबतात. मी त्या रिकाम्या खुर्चीच्या शेजारीच बसते.