मधल्या खोलीतला आरसा

"एवढा उजेड कशाला हवाय मेला? कपडे बघायला आलेय मी, एक्स-रे काढायला नाही."

मधल्या खोलीच्या दाराआडून आवाज आला. दारापासून हातभर अंतरावर माझं शिलाई मशीन होतं, आणि त्या बाईंचाच दुसरा स्कर्ट माझ्या सुईखाली होता, दोन बोटं उंची कमी करायला. मी दाराकडे मान वळवून म्हटलं, मालकांचं म्हणणं असं की उजेडात माल नीट दिसतो. आतून उत्तर आलं की माल राहू द्या, इथे माझंच सगळं नीट दिसतंय आणि ते बघायची मला मुळीच हौस नाही.

मी हसले. या कुरकुरीला मी नऊ वर्षं हसत आले होते.

दुकान बायकांच्या तयार कपड्यांचं. मागच्या अंगाला कपडे घालून बघायच्या तीन खोल्या. खोल्या कसल्या, उभी कपाटंच. पहिली आणि तिसरी इतकी अरुंद की बाहीत हात घालताना कोपर भिंतीवर आपटायचं. मधली ऐसपैस. तिथला आरसाही वेगळा, खिळ्याला टांगलेला नव्हे तर भिंतीतच बसवलेला, चारी बाजूंनी लाकडी पट्टी. साहजिकच सगळ्यांना मधलीच हवी असायची. पहिली रिकामी असली तरी बायका मधलीसाठी थांबायच्या, थांबल्या की माझ्याशी बोलायच्या, आणि बोलता बोलता एखादी हळूच विचारायची, आत काही नाही ना हो? हल्ली काय काय ऐकू येतं.

मग मी मशीन थांबवून उठायचे. कपडे अडकवायचा हुक हलवून दाखवायचे. स्क्रूच्या डोक्यांवरून बोट फिरवायचे, की बघा, यात कुठे भिंग नाही. आणि शेवटी आरशाला नख टेकवायचे. नख आणि आरशातलं नख यांच्यामध्ये बारीक फट दिसायची. फट आहे म्हणजे आरसा खरा. फट नसती, नखाला नख भिडलं असतं, तर समजायचं की पलीकडून बघता येतं. बाया स्वतः नख टेकवून बघायच्या आणि लहान मुलींसारख्या खूश व्हायच्या.

हे मला नवऱ्याने शिकवलं होतं. नवरा काचकामातला. त्या तिन्ही खोल्यांचे आरसे त्यानेच बसवलेले, आणि त्याच ओळखीवर मला तिथलं मशीन मिळालेलं. कामावर जायच्या आदल्या दिवशी त्याने मला घरच्या आरशापाशी उभं केलं, माझं बोट धरलं आणि काचेला टेकवलं. त्यामुळे माझ्यापाशी आणखी एक वाक्य होतं, आणि ते ऐकलं की बायकांचे आखडलेले खांदे खाली यायचे. मी म्हणायचे, निर्धास्त राहा, आमच्याच घरच्या माणसाने बसवलेत.

राहता राहिले मालक. बायकांशी बोलताना त्यांनी कधी मान वर केली नाही. गल्ल्यावर बसून बिल करतानाही नजर कागदावर. गिऱ्हाइकं म्हणायची, असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही. मलाही कौतुक होतं. त्यांची पाठ धरते म्हणून उरलेल्या कापडाची एक उशी मी त्यांना शिवून दिली होती, निळ्या-पांढऱ्या चौकटींची. गल्ल्यावरच्या खुर्चीत ती कधी दिसली नाही. मला वाटलं, घरी नेली असेल.

गुरुवारी संध्याकाळी लेक मला न्यायला आली. तिच्या कॉलेजात कोणी पोलीस बाई येऊन तासभर बोलून गेल्या होत्या, आणि ते सगळं तिला आजच्या आज कुणावर तरी करून बघायचं होतं. मालक बाहेर गेले होते, गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हटलं, बघ बाई, आमच्याकडे काही सापडायचं नाही. वर माझं नखाचं ज्ञानही ऐकवलं. ती म्हणाली, आई, नखावर जाऊ नकोस, ते फसवं असतं. भिंत वाजवून बघ.

तिने पहिल्या खोलीतला आरसा वाजवला, धप्प. तिसरीतला, धप्प. मधलीतला वाजवला तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. मी म्हटलं, मागे मालाची खोली आहे, म्हणून असेल. त्या खोलीची किल्ली मालकांकडेच असते हे म्हणताना माझ्याच कानाला ते कसंसं लागलं.

तिने खोलीतला दिवा मालवला, दार लावून घेतलं, मोबाइलचा टॉर्च काचेला चिकटवला आणि मला म्हणाली, दोन्ही हातांनी डोळ्यांच्या बाजू झाक आणि नाक काचेला लावून बघ.

मी बघितलं. पलीकडे एक खुर्ची होती. खुर्चीवर निळ्या-पांढऱ्या चौकटींची उशी होती, मध्यभागी दबलेली.

त्या वेळी आम्ही दोघी एकमेकींशी काय बोललो ते मला आठवत नाही. लेकीने फोटो काढला, त्यात टॉर्चचा पांढरा गोळा आणि माझं नाक एवढंच आलं. घरी जाताना ती मला समजावत राहिली की अशा काचेला एका बाजूने पातळ लेप असतो. बसवणाऱ्याने लेपाची बाजू आत, खोलीकडे ठेवली तर नखाला नख भिडतं. पण काच उलटी करून लेपाची बाजू मागे टाकली की फट दिसते, अगदी साध्या आरशासारखी. अट एकच, या बाजूला लख्ख उजेड पाहिजे आणि त्या बाजूला अंधार. आणि काच कुठल्या बाजूने बसवायची, ती म्हणाली, हे बसवणाऱ्याच्या हातात असतं.

मी विचारलं नाही की मग पुढे काय.

घरी जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. म्हणजे खुर्ची सांगितली, उशी सांगितली, टॉर्च सांगितला. काच कोणी उलटी बसवली असेल, ते मात्र काढलं नाही. तो खाली मान घालून ऐकत होता. म्हणाला, चोऱ्या फार होतात दुकानांत, नजर ठेवायला करतात लोक असं. मग म्हणाला, मीठ दे जरा. जेवणात मीठ बरोबर होतं.

शुक्रवारी मी काय करायला हवं होतं ते आता कोणीही सांगेल. गल्ल्यापाशी उभं राहून सगळ्या बायकांसमोर बोलायला हवं होतं. मी काय केलं, तर सकाळी लवकर जाऊन मधल्या खोलीतला दिवा काढला आणि माझ्या सुयादोऱ्यांच्या डब्यात ठेवला. अंधारात कोणी कपडे बदलणार नाही, आणि बदलले तरी पलीकडून काही दिसणार नाही. मला वाटलं, केवढी हुशारी केली. आपल्या हातात सुई आहे तर माणूस भोकाला ठिगळ लावतो, कापडच जळतंय हे बघत नाही. दिवसभर बायका पहिल्या आणि तिसऱ्या खोलीसमोर रांग लावून कोपरं आपटून घेत होत्या आणि माझ्यावर वैतागत होत्या. एका आजीबाईंनी तर ऐकवलं, दुकान चालवता की खुराडं.

दुपारी मालक मागे आले. माझ्या मशीनच्या पायाकडे बघत त्यांनी विचारलं, दिवा कुठे गेला. मी म्हटलं, गेला असेल जळून. ते म्हणाले, बरं. जाताना पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांत मला त्यांच्या डोळ्यांचा रंग माहीत नव्हता. ते मला खालपासून वरपर्यंत ओळखतात हे मात्र मला त्या एका नजरेत कळलं.

शनिवारी लेक मला ओढतच पोलीस चौकीत घेऊन गेली. तिथले साहेब मान देऊन बोलले, खुर्ची दिली. सगळं लिहून घेतलं. मग पेन बंद करून म्हणाले की सोमवारी माणसं येऊन काच बघतील, सुट्टीत तपासणीची परवानगी मिळत नाही. तोवर कोणाला काही बोलू नका. काच जागेवर असली तर पुढे काही होईल. आणि नुसत्या काचेने भागणार नाही, मालक म्हणेल की मला दुकान भाड्याने घेताना असंच मिळालं. ही काच कोणी मागवली, कोणी बसवली, कधी बसवली, हे सांगणारा माणूस हवा. तो असला तर सुटका नाही मालकाची. नसला तर...

त्यांनी विचारलं, कोणी बसवली, काही कल्पना?

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, असेल कोणी काचवाला.

साहेबांनी तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी नणंदेचा फोन. तिला तिच्या भावाकडून कळलं होतं, किती कळलं होतं ते कळलं नाही. म्हणाली, वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. बायकांची लाज चव्हाट्यावर मांडून कोणाचं भलं झालंय आजवर? शेकडो बाया सुखात आहेत, त्यांना सांगून काय मिळणार, जन्माची धास्ती? ती वाईट बोलत नव्हती, खरंच कळवळून बोलत होती. मी हो हो म्हणत राहिले आणि मनात त्या स्कर्टवाल्या बाईंचा हिशोब करत राहिले. वर्षाला चार वेळा तरी यायच्या त्या, दर वेळी मधलीतच.

रविवारी दुकानाला सुट्टी. सकाळी उठले तर नवरा बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून पिशवी भरत होता. काच उचलायच्या रबरी वाट्या, काच कापायचा हिरा, हातमोजे, पट्ट्या उचकटायची पटाशी. भिंतीला कागदात गुंडाळलेली काच उभी होती. मी विचारलं, सुट्टीच्या दिवशी कुठे? तो म्हणाला, मालकांचा फोन होता, मधल्या खोलीतली काच तडकलीय म्हणे, साधी बसवून द्यायचीय.

"तडकलीय?"

"म्हणे," तो म्हणाला.

लेक दारात येऊन उभी राहिली. मग आम्ही तिघांनी पाऊण तास घालवला. चहा झाला. सिलिकॉनची ट्यूब वाळली आहे का यावर बोलणं झालं. लेक म्हणाली, उद्या माणसं येणार आहेत काच बघायला. तो म्हणाला, साधी बसली तर पुढच्या बायकांना तरी त्रास नाही, तुम्हाला तेच हवंय ना. लेक म्हणाली, आणि आधीच्या? त्याने एका रबरी वाटीवर फुंकर मारली, फडक्याने पुसली, पुन्हा पुसली. त्याच्या बोटांवर काचेच्या जुन्या व्रणांची जाळी आहे. लेक लहान असताना त्या बोटांनी तिची वेणी घालायचा, केस अडकतात म्हणून ती रडायची.

मला एकच सुख उरलं होतं, ते मी बोलून दाखवलं. म्हटलं, निदान तू तरी कधी त्या खोलीत कपडे घालून बघितले नाहीस. इतक्या वेळा आलीस दुकानात, पण कायम पहिलीतच जायचीस, देवाची कृपा.

लेक म्हणाली, "देवाची नाही. बाबांनी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"मधल्या खोलीत जाऊ नको, तिची कडी अडकते. तेरा वर्षांची होते मी. तेव्हापासून दर वेळी सांगायचे, निघताना."

कडी कधीच अडकत नव्हती. दर महिन्याला तिला मशीनचं तेल मीच द्यायचे. आणि रोज सकाळी साडेनऊला, शटर उघडलं की, घरचे कपडे काढून दुकानाचा निळा पोशाख मी त्याच खोलीत घालायचे. संध्याकाळी तिथेच उतरवायचे. ऐसपैस होती म्हणून.

बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, लाथा मारल्याचा आवाज येत राहिला. नवऱ्याने पिशवीची चेन लावली. उठला. गुंडाळलेली काच काखेत घेतली, दाराच्या चौकटीतून तिरकी काढायला म्हणून वळला, आणि आमच्याकडे पाठ करून तिथेच थांबला.

"तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू काम सोडलं असतंस," तो म्हणाला. "आणि का सोडलंस ते चारचौघींना सांगितलं असतंस. मग मला कोणी काम दिलं नसतं. म्हणून पोरीला सांगितलं. तुला नाही सांगितलं."