कर्कटकाच्या खुणा

जावेदच्या घरातलं लोखंडी कपाट रिकामं करायचं होतं, काम एवढंच. दोन माणसांनी एका दुपारी बसून उरकावं असं. पण त्या दोघांनी त्याला सहा रविवार लावले, आणि तेवढ्यात जावेदच्या बायकोचा, गजालाचा, हात मोडला.

कपाटात काय होतं, तर खेळ. टीव्हीला जोडून खेळायचे. एकूण एकशे बत्तीस नग. पिवळ्या, काळ्या, राखाडी जुन्या कॅसेटी, गुंता झालेल्या वायरी, चार मशिनी, मधल्या काळातल्या सीड्या आणि अगदी अलीकडच्या चकचकीत डिस्का. शिवराज आणि जावेद दोघंही एकेचाळिशीचे, आणि त्यातली तीस वर्षं त्यांनी ही अडगळ जमवण्यात घातली होती. शिवराज वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला. जावेदचं गुलमंडीच्या बोळात घड्याळं आणि रिमोट दुरुस्तीचं दुकान, एक टेबल आणि दोन स्टुलं मावतील एवढं. जगातली माणसं या वयात जमीनजुमला बघतात, हे दोघं दर रविवारी टीव्हीपुढं मांडी घालून रणगाडे उडवत बसत. शिवराजची बायको रूपा त्याला 'तुमची शाळा' म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

शाळेतच तर सुरू झालं होतं. शिवराज सोयगावहून शिकायला म्हणून मामाकडं आला, तो जावेदच्याच गल्लीत. पाचवीत असताना दोघांनी मिळून पहिली कॅसेट घेतली आणि ती कुणाची यावरून पहिल्याच संध्याकाळी एकमेकांचे शर्ट फाडले. मग जावेदनं कायदा काढला. खेळून ठरवायचं. जो जिंकेल त्याची कॅसेट, पुन्हा हरेपर्यंत. आणि जो हरेल त्यानं स्वतःच्या हातानं कॅसेटच्या पाठीवर जिंकणाऱ्याची खूण कोरायची, कंपासपेटीतल्या कर्कटकानं. जावेदची उभी रेघ, शिवराजची फुली. हरलेल्यानंच कोरायचं, म्हणजे नंतर कुणी 'मी हरलोच नव्हतो' म्हणायला नको. तेच कर्कटक तीस वर्षं कपाटात एका गोळ्यांच्या डबीत पडून होतं. काही कॅसेटींच्या पाठीवर तर आता नख टेकवायला जागा नव्हती. डिस्का आल्यावर खुणा त्यांच्या कव्हरांवर जायला लागल्या.

गेल्या वर्षी जावेदच्या हातून चिमटा निसटायला लागला. घड्याळातला तिळाएवढा स्क्रू उचलायचा, तर चिमटा टेबलावर आणि स्क्रू कुठं तरी फरशीवर. मग शर्टाची बटणं गजाला लावून द्यायला लागली. हैदराबादच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की हा नसांचा आजार आहे, तो मागं फिरत नाही, गोळ्यांनी फार तर हळू चालेल. आधी हात, मग पाय. झोपायची खोली वरच्या मजल्यावर, म्हणून पलंग खालच्या खोलीत आणायचं ठरलं. जिथं तो ठेवायचा तिथं हे भरलेलं कपाट उभं होतं, रिकामं केल्याशिवाय ते हलणार नव्हतं.

आणि दुसरा प्रश्न दुकानाचा. त्याच बोळात मोबाईल दुरुस्त करणारा कडुबा दुकान घ्यायला तयार होता. पाटी जावेदच्या नावाचीच ठेवतो, वाटेल तेव्हा येऊन स्टुलावर बसा, असंही म्हणाला होता. भला माणूस. पण दिवाळीच्या आत काय ते सांगा, नाय तर मला दुसरीकडं बघावं लागंल, ही त्याची अट. जावेद नुसतं "देखेंगे" म्हणायचा. हातात किती उरलंय हे त्याला स्वतःलाच ठरवता येत नव्हतं, आणि दुकान द्यायचं की नाही ते सगळं त्याच्यावर अडून होतं.

"कायद्यानं करू," पहिल्या रविवारी जावेद म्हणाला. "एकेक काढ, शेवटचा डाव खेळू. तू जिंकला तर तू घरी घेऊन जा. मी जिंकलो तर माझं."

पहिली निघाली रणगाड्यांची पिवळी कॅसेट. शिवराजनं सवयीनं तिच्यात फुंकर मारली, मशिनीत दाबली. पाच मिनिटांत तो जिंकला. काही विचार केला नव्हता त्यानं, हात आपोआप चालले.

मग जावेदनं डबीतून कर्कटक काढलं, आणि ते पडलं. त्यानं उचललं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा ते सोफ्याखाली गेलं आणि शिवराजनं वाकून काढून दिलं. चौथ्यांदा जावेदनं ते मुठीत धरून कशीबशी एक तिरकी रेघ ओढली, तेवढ्यात त्याच्या कपाळावर घाम आला. फुलीला दोन रेघा लागतात.

"दुसरी तू मार यार," तो हसत म्हणाला. ते हसू शिवराजला बघवलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात गजाला चहाचे कप घेऊन उभी होती, ती तशीच आत वळली. जावेदच्या याच बोटांनी शाळेत असताना मास्तरांचं बंद पडलेलं घड्याळ मधल्या सुट्टीत चालू करून दिलं होतं. शिवराजनं तिथंच ठरवून टाकलं की आपण आता जिंकायचं नाही. जो जिंकतो त्याला कर्कटक धरावं लागत नाही. जिंकलेली पिवळी कॅसेटही त्यानं त्या दिवशी कपाटातच राहू दिली.

हरायचं ठरवलं तरी जावेदपुढं हरणं सोपं नव्हतं, त्याला शिवराजचा खेळ पाठ होता. म्हणून शिवराज बेतानं हरायला लागला. आधी पुढं जायचं, मग एकच चूक करायची, तीही नेहमीचीच. जावेदचा अंगठा दुसऱ्या रविवारी दाबायला पुरेना तेव्हा त्यानं हाताचा पंजाच बटणावर आपटायला सुरुवात केली. तरी तोच जिंकला. शिवराज हळहळायचा, स्वतःला शिव्या घालायचा आणि मान खाली घालून कॅसेटीवर उभी रेघ कोरायचा. एवढा नट त्याच्यात आहे हे त्याला तरी कुठं माहीत होतं!

नव्या डिस्कांची पाळी आली तेव्हा शिवराजनं घरून स्वतःची नवी मशीन आणली. त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. त्यात खेळणाऱ्याला मदत करायची सोय असते, वळण आलं की गाडी आपोआप ब्रेक मारते. जावेद तोंड धुवायला गेला तेवढ्यात शिवराजनं त्याच्या बाजूला ती सोय चालू करून ठेवली. मग जावेदची गाडी प्रत्येक वळणावर शहाण्यासारखी वेग कमी करायची, आणि शिवराजची कठड्यावर जाऊन आदळायची.

"देखा? ब्रेक देखा मेरा?" जावेद ओरडला. "शिव्या, हात पलट रहा रे! गोळ्या लागू पडल्या!"

"लई भारी," शिवराज म्हणाला. "माझ्याच्यानं नाय व्हायचं आता तुझ्यापुढं."

जावेदचा चेहरा वर्षभरात असा फुललेला कुणी पाहिला नव्हता. त्या दिवशी तो दोन भाकरी खाऊन उठला. शिवराज घरी गेला तो खुशीत, कुणाचं तरी भलं केल्याच्या खुशीत. गाढवच म्हणायला पाहिजे त्याला, पण माया करणारा माणूस असा गाढव होतो.

कपाट मात्र रिकामं होईना. "भाई, तुम्ही न्यायला येता की राखण करायला?" गजाला थट्टेनं म्हणाली. पण पाचव्या रविवारी ती त्याला सोडायला दारापर्यंत आली आणि दार मागं ओढून घेऊन हळूच बोलली. ती उर्दू शाळेत गणित शिकवायची, गोलगोल बोलायची सवय तिला नव्हती.

"भाई, खरं सांगा. त्यांचा हात खरंच सुधारतोय का? मला घरात तसं दिसत नाही. पेला अजून दोन हातांनी धरतात. पण तुमच्याशी खेळताना म्हणे जिंकतात. तुम्ही रोजचे खेळणारे, तुम्हाला कळत असेल."

इथं खरं सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. पण आतून जावेदची शीळ ऐकू येत होती.

"व्हय भाभी," शिवराज म्हणाला. "सुधारतोय."

गजालानं सुटकेचा श्वास सोडला, आणि तो शब्द तिनं घरात नेला.

बुधवारी जावेदनं कडुबाला सांगून टाकलं की दुकान द्यायचं नाही. गुरुवारी त्यानं वर्षभर झाकून ठेवलेली स्कूटर पुसली आणि गजालाला मागं बसवून दौलताबादला सीताफळं आणायला निघाला. तिनं एकदा 'नको' म्हटलं, मग शिवराजचा शब्द आठवला आणि बसली. जाताना काही झालं नाही. येताना उताराच्या वळणावर समोर शेळ्या आल्या. जावेदनं ब्रेक दाबला, म्हणजे त्याला वाटलं दाबला. बोटं नुसती दांडीवर टेकली आणि स्कूटर तशीच पुढं जाऊन दगडाच्या कठड्याला धडकली. त्याला खरचटलं. गजालाचा उजवा हात दोन जागी मोडला, कोपराचा भुगा झाला. आत स्टीलची पट्टी टाकली, पण हा हात फळ्यापर्यंत वर जाईल याची खात्री देता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्याच्या जिन्यात जावेद बसला होता. शिवराज शेजारी जाऊन बसला.

"दाबला रे मी ब्रेक," जावेद म्हणाला. "कसम से. गेममधी दाबतो तसाच दाबला."

शिवराजला तिथंही बोलता आलं नाही. तीन रात्री त्याला झोप लागली नाही. रूपानं विचारलं तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगता? त्यांना जाऊन सांगा."

सहाव्या रविवारी तो गेला. गजाला खाटेवर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. जावेदनं टीव्ही लावूनच ठेवला होता, वेळ घालवायला दुसरं काही नव्हतं त्याच्याकडं. शिवराज बसला नाही, उभ्यानंच बोलला.

"जावेद, मी हारत होतो. मुद्दाम."

जावेदनं मान वर केली. "कौनसी?"

"पहिली सोडून सगळ्या. गाड्यांच्या खेळात तुझ्या गाडीला आपोआप ब्रेक लावून ठेवला होता मी. तू नव्हता दाबत."

जावेद आपल्या हातांकडं बघत राहिला. मारायला उठला असता तर शिवराजला बरं वाटलं असतं, पण त्या हातांनी कुणाला मारताही आलं नसतं.

गजाला म्हणाली, "मी तुम्हाला दारात विचारलं होतं, भाई."

तिचा आवाज चढला नाही. त्या एका वाक्यावर शिवराजला जीव नकोसा झाला. माफी मागायला त्यानं तोंड उघडलं, पण ती भिंतीकडं बघत होती.

"बस खाली," जावेद म्हणाला. "रणगाडे लाव. आणि खरं खेळ. आता एक जरी डाव सोडला ना शिव्या, तर या घरात पाय ठेवायचा नाय."

शिवराज खरं खेळला. डोळे भरून येत होते, पडदा दिसत नव्हता, तरी तो जिंकला. कारण समोर कुणी नव्हतंच. जावेदचा रणगाडा एका कोपऱ्यात भिंतीवर आदळत उभा होता, त्याला वळवता येत नव्हतं. पुढची मोटारसायकलची कॅसेट, मग कुस्तीची, मग फुटबॉलची डिस्क. नव्या मशिनीचा जड पॅड जावेदच्या मांडीवरून दोनदा घसरला, तिसऱ्यांदा त्यानं तो गुडघ्यात दाबून धरला. शिवराजनं अकरा गोल केले. जावेदचा एकही नाही.

आणि प्रत्येक हारीनंतर जावेदनं कर्कटक मागितलं. दोन्ही तळव्यांमध्ये ते धरायचा, वाकून अंगाचा भार टाकायचा आणि फुली कोरायचा. कधी रेघ घसरून जुन्या खुणांवर जायची. एकदा टोक त्याच्याच अंगठ्यात घुसलं. शिवराज मदतीला सरकला तर म्हणाला, "हात मत लगा."

नऊ खेळ झाले. दहाव्याला त्यानं कर्कटक खाली ठेवलं.

"बस. कळलं. बाकीचं सगळं तुझंच, न खेळता. खुणा तू घरी जाऊन मार." मग म्हणाला, "कडुबाला फोन लाव. मला बटणं दाबता येत नाहीत."

शिवराजनं फोन लावून त्याच्या कानाशी धरला.

"कडुबा, जावेद बोलतोय," तो म्हणाला. "बुधवारी मी चुकीचं बोललो. माझे हात गेले रे. दुकान तू घे." पलीकडून कडुबा बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. "नाय, नाय," तो शेवटी म्हणाला, "तू दिलेला शब्द मोडू नको. तिकडंच जा. मीच उशीर केला."

फोन बंद झाल्यावर त्यानं आपण होऊन सांगितलं, की कडुबानं शुक्रवारीच शहागंजात दुसरं दुकान धरलं.

शिवराजनं चार पोत्यांत सगळं भरलं. कॅसेटी एकमेकींवर खडखडत होत्या आणि त्या आवाजाची त्याला लाज वाटत होती. एकेक पोतं त्यानं बाहेर रिक्षात नेऊन ठेवलं. चौथं घ्यायला आत आला तेव्हा गजाला खाटेवरून उठून रिकाम्या कपाटापुढं उभी होती. डाव्या हातात ओलं फडकं घेऊन ती खण पुसत होती.

"भाभी," तो म्हणाला.

तिनं वळून पाहिलं नाही. सगळ्यात खालचा खण पुसून झाल्यावर ती जावेदला म्हणाली, "आता पलंग मावेल."