प्रस्थानाचा तांब्या

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. हिंदुस्थानातून सिलोनला समुद्राला पाय न लावता जाण्याचा मार्ग ज्या घराने शोधला, त्या घराचा मी तांब्या, मित्रांनो. सिलोन हे बेट आहे, ही गोष्ट त्या घराला ठाऊक होती. घराचे यजमान तीस वर्षं शाळेत भूगोलच शिकवत होते.

माझा जन्म कुंभकोणमचा. जन्माआधीचं मला एवढंच आठवतं, की कुठून तरी फार दुरून ठकठक ऐकू येत होती आणि मी हळूहळू गोल होत होतो. डोळे उघडले तेव्हा मी पितळेचा होतो, डोक्यावर सहा वेढ्यांचं झाकण होतं आणि समोर तांबट घाम पुसत होता. त्याने मला पाण्याने भरलं, झाकण आवळलं आणि उलटं धरलं. एक थेंब सांडला नाही. इथे मला कूजा म्हणतात. न सांडणं ही माझी एकमेव विद्या. तेवढ्यावर आयुष्य निघेल असं मला तेव्हा वाटलं होतं.

त्या यजमानांनी, हनुमंतरावांनी, मला घरी नेलं. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर तंजावरला आले होते. त्यानंतरच्या पिढ्यांनी एवढा लांबचा प्रवास पुन्हा केला नाही. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ अशी वाटणी होती. मराठी इतकी जुनी, की एकदा पुण्याचे एक पाहुणे आले, त्यांनी आतून थोरल्या बाईंचा आवाज ऐकला आणि पोथी चालली आहे असं समजून हात जोडले. बाई वांगी महाग झाल्याचं सांगत होत्या.

या थोरल्या बाई म्हणजे हनुमंतरावांची विधवा बहीण, सीतालक्ष्मी. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे. शिवता काय येतं, ओलांडता काय येतं, खाता काय येतं, हे अक्का ठरवत. स्टेशनावरच्या नळाचं पाणी पिता येत नाही, असं त्यांनी ठरवल्यामुळे माझे दिवस बरे गेले. मी मद्रासला गेलो, तिरुपतीला गेलो. डब्यातली अनोळखी माणसं माझ्याकडे पाहून म्हणत, घरचं पाणी ते घरचं पाणी. मग थर्मास आला आणि मी माळ्यावर गेलो. माळ्यावर काही काम नसतं, मित्रांनो. तिथे भांडी स्वप्नं पाहतात. मी समुद्राची पाहायचो. न पाहिलेली वस्तू स्वप्नात बरी दिसते. माझा समुद्र सपाट होता, पितळेच्या रंगाचा होता आणि त्यालाही कुठेतरी झाकण होतं.

हनुमंतरावांची एकुलती मुलगी वत्सला लग्न होऊन कोलंबोला गेली, तेव्हा समुद्राचा प्रश्न पहिल्यांदा घरात आला. जावई राजगोपाल तिथे एका कचेरीत होता. नव्या नवरीने खारं पाणी ओलांडावं का? अक्का दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला, की विमान पाण्याला लागत नाही, सबब ते चालेल. बोट पाण्याला लागते, ती चालणार नाही. वत्सला तिरुचीहून विमानाने गेली. अक्कांच्या मते ती गल्लीतून गल्लीतच गेली, फक्त जरा वरून.

मग अठ्ठावन्न साल उजाडलं. वत्सलाला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, याबद्दल अक्कांना निकाल द्यावा लागला नाही. हनुमंतरावांनी जाऊन तिला विमानाने आणायचं ठरलं. मुहूर्त निघाला बुधवारचा आणि विमान होतं शनिवारी.

अशा वेळी आपल्याकडे प्रस्थान ठेवतात. मुहूर्ताला प्रवाशाची एखादी वस्तू जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरतात. मग माणूस सवडीने निघतो, वाटेत वस्तू उचलतो आणि पुढे जातो. वस्तू माघारी मात्र आणायची नाही, कारण ते अर्ध्या वाटेतून परतणं होतं. माळ्यावरून मला काढलं, चिंचेने घासलं, भरलं. विमान तिरुचीचं आणि तिरुची पश्चिमेला, म्हणून बुधवारी सकाळी मला पश्चिमेच्या शेजारी त्यागराज यांच्या घरी ठेवलं. माझ्या झाकणाला कुंकू लावलं होतं. मला वाटलं, या वेळी खरा समुद्र दिसणार, भले वरून का होईना.

शुक्रवारच्या पेपरात आलं, की सिलोनमध्ये दंगे पेटले आहेत. तमिळ बोलणाऱ्यांची घरं जाळली जात होती. वत्सला उंबऱ्याबाहेर तमिळच बोलायची. संध्याकाळी तिरुचीहून निरोप आला, की कोलंबोचं विमानतळ आपल्यासारख्यांना बंद आहे, कधी उघडेल ते सांगता येत नाही.

हनुमंतरावांनी पेपर घडी करून कोटाच्या खिशात ठेवला आणि बायकोला सांगितलं, की हवामान खराब आहे. भागीरथीबाईंनी आकाशाकडे पाहिलं. ज्येष्ठाचं कोरडं निळं आकाश होतं. त्यानंतर पोस्टमनची वेळ झाली की त्या दारात उभ्या राहायच्या. तो गेला की आत जायच्या. बस, इतकंच.

त्यागराज यांनी सुचवलं, की धनुष्कोडीहून बोट सुटते, तीही तपासून पाहावी. अक्का म्हणाल्या, बोट पाण्याला लागते. विषय संपला. हनुमंतरावांनी शाळेचा नकाशा काढला. इतर माणसं घाबरली की देवासमोर बसतात, हे नकाशासमोर बसत.

दुसरा मार्ग त्यांना असा सापडला, की मद्रासला जावं आणि तिथून यापनमकडे एखादं विमान जातं का पाहावं. यापनम म्हणजे जाफना, सिलोनचं उत्तरेचं टोक. पण मद्रास उत्तरेला, म्हणून प्रस्थानाची दिशा बदलली. उत्तरेला शेजार नव्हता, परसामागे थेट कावेरी होती. मला घाटावरच्या मंडपात नेऊन ठेवलं.

मी तिथे तीन दिवस होतो. कावेरीत पाणी नव्हतं. धरणाचं पाणी अजून सुटायचं होतं. नुसती वाळू, दूरपर्यंत, दुपारी थरथरणारी. मधोमध खड्डा खणून बायका वाटीवाटीने झऱ्याचं पाणी भरत होत्या. मी उन्हात अर्धवट झोपेत असायचो. पोटातलं पाणी कोमट व्हायचं आणि मला वाटायचं, ही वाळू म्हणजेच समुद्र, कोणीतरी त्याला रितं करून ठेवलं आहे, वत्सलाने चालत यावं म्हणून. ती पलीकडच्या काठावर दिसायची. सात महिन्यांची, सावकाश चालणारी. मग म्हैस निघायची.

मद्रासहून तार आली, की यापनमलाही काही जात नाही.

त्या संध्याकाळी हनुमंतराव घाटाच्या पायरीवर माझ्याशेजारी बसले. त्यांनी खिशातून पेपर काढला, वाचला, पुन्हा घडी करून ठेवला. मग मला उचलून पायावर ठेवलं आणि माझं झाकण उगाच उघडत, आवळत बसले. सहा वेढे इकडे, सहा वेढे तिकडे. मला आयुष्यात इतकं कोणी उघडलेलं नव्हतं.

तिसरा मार्ग तिथेच जन्मला. नकाशात धनुष्कोडी आणि सिलोन यांच्यामध्ये समुद्राचा रंग फिका होता. म्हणजे पाणी उथळ होतं. मधे वाळूचे दांडे होते, ठिपके ठिपके काढल्यासारखे. हनुमंतरावांनी पट्टी लावली, पेन्सिलने रेघ मारली आणि घरी जाऊन अक्कांपुढे नकाशा पसरला.

"दांड्यावरून दांड्यावर यायचं. मधलं पाणी गुडघाभर असेल."

"गुडघाभर झालें तरी खारेंच," अक्का म्हणाल्या.

"म्हणून तिला पालखीत आणायचं. पाय भोयांचे भिजतील, तिचे नाहीत."

अक्का पुष्कळ वेळ त्या पेन्सिलच्या रेघेकडे पाहत होत्या. मग त्यांनी मान डोलावली. असं सिलोनचं बेटपण त्या दिवशी आमच्या घराने रद्द केलं. भोई कुठून आणायचे, भरती आली तर त्यांनी काय करायचं आणि दंगे चालू असताना पलीकडून निघायचं कसं, हे प्रश्न भूगोलाच्या कक्षेत येत नव्हते.

भागीरथीबाई चुलीपाशी होत्या. त्या इतकंच म्हणाल्या, "ती जिवंत आहे का, ते कुठल्या नकाशात दिसतं?"

हनुमंतरावांनी पट्टी उचलून ठेवली.

तरीही दक्षिणेचं प्रस्थान ठेवावं असं ठरलं. दक्षिणेला समोरचं घर नागलक्ष्मी यांचं. त्यांनी मला ओट्यावर खांबापाशी ठेवलं. त्या तमिळमध्ये म्हणाल्या, की बसू दे बापड्याला, हा तरी कुठेतरी पोचला. तिथून मला आमचं दार समोर दिसायचं. भागीरथीबाई दारात उभ्या. पोस्टमन येतो, जातो.

तिथल्या पाचव्या सकाळी पोस्टमन यायच्या आधी एक बैलगाडी गल्लीत वळली. तिच्यात मागे राजगोपाल होता, दाढी वाढलेली, बगलेत एक गुंडाळलेली चटई. पुढे वत्सला बसली होती. लुगडं कुणाचं तरी दुसऱ्याचं होतं, तिला आखूड होत होतं. पाय सुजले होते. तिच्याजवळ सामान म्हणून काही नव्हतं.

भागीरथीबाई धावल्या नाहीत. त्या दारातच खाली बसल्या.

ओसरीवरच सगळं कळलं, तुकड्यातुकड्यांनी. घर गेलं होतं. आठवडाभर ती दोघं एका शाळेत शेकडो माणसांबरोबर होती. मग एक लॉरी मिळाली, मग गाडी, मग धनुष्कोडीची बोट, मग पुन्हा गाडी. वाट शोधावी लागली नाही, वत्सला म्हणाली. सगळे जिकडे जात होते तिकडे ती गेली.

बोट, हा शब्द तिने उच्चारला. हनुमंतरावांनी बहिणीकडे पाहिलं. वत्सलाच्या ते ध्यानात आलं. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. पाच दिवसांचा प्रवास करून आलेली ती पोर शेवटच्या पावलाला थांबली, मित्रांनो.

अक्का उठल्या. सगळी गल्ली ज्यांच्या पाया पडायची त्या अक्का खाली वाकल्या. एक हात भिंतीला लावून, दुसऱ्या हाताने त्यांनी भाचीचं पाऊल उचललं आणि तळव्यावरून हात फिरवला. मग दुसरं पाऊल. बराच वेळ लागला, कारण त्यांना पुन्हा ताठ उभं राहता येईना.

"कोरडे आहेत," त्या म्हणाल्या. "आंत ये."

वत्सला आत गेली. मग गल्लीला पहिल्यांदाच भागीरथीबाईंचं रडणं ऐकू आलं.

मी ओट्यावर विचार करत होतो. बोट ही माझ्याच जातीची वस्तू असावी, फक्त उलटी. माझ्यात पाणी आत आणि कोरडं बाहेर. तिच्यात कोरडं आत आणि पाणी बाहेर. न सांडणं ही दोघांचीही विद्या. हे मला माळ्यावर सुचलं असतं, तर मी कोणाला तरी सांगितलं असतं. अर्थात तांब्याचं ऐकतं कोण!

श्रावणात वत्सलाला मुलगी झाली. हनुमंतरावांनी नकाशा शाळेला परत केला. पेन्सिलची रेघ खोडायची राहिली, त्यामुळे त्यानंतरच्या मुलांनी तो रस्ता आहे असं समजून पाठ केला, असं म्हणतात.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. पितळेची भांडी चिंचेने घासत जा. ती नुसती बसलेली दिसली, तरी त्यांना काही वाटत नाही असं समजू नका. आणि कोणाची वाट शोधायला बसाल, तेव्हा नियम करणाऱ्यांना आधी नीट विचारा, की नियम नक्की कशाला आहे. पुष्कळदा त्यांनाही ते तोवर कोणी विचारलेलं नसतं.

मला मात्र कोणी न्यायला आलं नाही. प्रस्थानाची वस्तू प्रवाशानेच उचलायची आणि पुढे न्यायची, असा शास्त्रार्थ आहे. हनुमंतराव पुढे कुठे गेलेच नाहीत. त्यामुळे शास्त्राप्रमाणे मी अजून कोलंबोच्या वाटेवर आहे.

नागलक्ष्मी माझ्यात शिकेकाई ठेवतात.