घाटात बघितलंस ना

ताबिशने खोका मुख्तारच्या टेबलावर ठेवला. खोक्यात शारजाहून मागवलेला, इंजिन चालवणारा नवा कॉम्प्युटर होता. किती हवेला किती डिझेल द्यायचं, हे सगळं आपल्या हाताने ठरवता येईल असा.

"हा पॉवर कापत नाय ना?" ताबिशने विचारलं. "बाकी मला काय नको, मुख्तारभाई. घाटात कापता नये."

मुख्तारने खोका उघडला नाही. पोलादपूरला महाबळेश्वरचा रस्ता फुटतो, तिथे त्याचं गॅरेज. महाडपासूनची डिझेल गाडी बिघडली की लोक आधी त्याचं नाव घेत, आणि त्यालाही ते आवडत असे. नाव झालेल्या माणसाला एक खोड लागते, काम हातातून सुटायच्या आतच ते जमलं असं त्याला वाटू लागतं. मुख्तारलाही ती लागली होती.

चार महिन्यांपूर्वी ताबिश नऊ वर्षांची शारजाची नोकरी सोडून महाडला परतला. प्रवाशांसाठी त्याने सात माणसांची गाडी घेतली, पण भरलेली गाडी आंबेनळी घाटात धापा टाकायची. म्हणून त्याने तिकडच्या एका दोस्ताकडून मोठा टर्बो आणवला. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो. पण गाडीतल्या मूळच्या कॉम्प्युटरला जुन्याच टर्बोची सवय. हवा ठरल्यापेक्षा जास्त झाली की इंजिन फुटू नये म्हणून तो डिझेल आवळतो, आणि गाडी बैलगाडीसारखी चालते.

तेव्हा निवड मुख्तारची होती. नवा कॉम्प्युटर घालता आला असता, जुन्यातली आकडेमोड पुण्यात नेऊन बदलता आली असती. त्याने मधे एक छोटी डबी बसवली, जी हवेचा आकडा कॉम्प्युटरला खऱ्यापेक्षा कमी सांगते. डबी वाईट नव्हती. फक्त तिचं माप घाटात, भरल्या गाडीनिशी, पाय दाबून जुळवायला हवं होतं. मुख्तारने ते महाडच्या सपाट हायवेवर जुळवलं आणि म्हणाला, "आता घाटात बघून येतो." निघालाही. वाटेत कापडे गावात एका लग्नाच्या वलीम्याची दावत होती. तो जेवला, चार लोकांशी बोलला, आणि तिथूनच गाडी मागे वळवली.

"घाटात बघितलंस ना?" ताबिशने विचारलं होतं.

"बघितलं," मुख्तार म्हणाला होता.

तीन आठवड्यांनी ताबिशच्या आईच्या, बेगमचाचीच्या छातीत कळ आली. तिचे नेहमीचे डॉक्टर साताऱ्याला. ताबिश, त्याची बायको नाझिया, दोन शेजारी, सगळे गाडीत बसले. घाटाच्या तिसऱ्या वळणाला गाडीने मान टाकली. चावी बंद करून पुन्हा लावली की मोकळी व्हायची, दोन वळणं गेली की पुन्हा तेच. तासाच्या घाटाला अडीच तास लागले. महाबळेश्वर दिसायच्या आत चाची गेली.

मुख्तारने जनाज्याला खांदा दिला. ताबिश सगळ्यांना सांगत होता, त्या कॉम्प्युटरने मारलं माझ्या आईला. मुख्तार हो म्हणून मान हलवत राहिला. ती हललेली मान त्याला तेव्हापासून झोपू देत नव्हती.

आता हा खोका.

"हद्द घालावीच लागते, ताबिश. कुठलाबी कॉम्प्युटर असू दे," तो म्हणाला. "नायतर पिस्टन वितळतो."

"फुटू दे इंजिन. वर पोचल्यावर फुटू दे."

"वर पोचायच्या आधी फुटेल."

ताबिशने खोका त्याच्याकडे सरकवला. "मग तूच ठरव. पण या वेळी मी सोबत येणार."

कॉम्प्युटर बसवायला पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी सकाळी दोघांनी गाडीत भाताची सहा पोती घातली, माणसांच्या वजनाला वजन म्हणून. ताबिश चालवायला बसला, मुख्तार बाजूला मांडीवर लॅपटॉप घेऊन. कापडे आलं तसा मुख्तारने मान वळवून दुसरीकडे बघितलं. पुढे चढ लागला. इंजिन भरून ओढत होतं, लॅपटॉपवर हवेचा आकडा वर सरकत होता. तिसऱ्या वळणाला ताबिशने गाडी आपणहून कठड्याशी थांबवली.

"इथे पहिल्यांदा कापलं," तो म्हणाला. "अम्मी म्हणाली, घाई करू नको, सावकाश ने. तिला वाटलं मीच हळू चालवतोय."

हे मुख्तारला माहीत नव्हतं. त्याने लॅपटॉप मिटला. आता नाही बोललो तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे त्याला पक्कं कळलं, आणि त्याची त्याला भयंकर भीती वाटली.

"कॉम्प्युटरचा काय गुन्हा नाय," तो म्हणाला. "त्याने इंजिन वाचवलं. माप चुकलं ते माझ्या डबीचं. मी तेव्हा घाटात आलोच नाय. कापड्याला जेवलो नि परत फिरलो."

ताबिशने इंजिन बंद केलं. खालून एक एसटी आली, त्यांना वळसा घालून गेली.

"किती वेळ लागला असता? बघायला?"

"दोन तास."

ताबिशने दार उघडलं, उतरला आणि कठड्यावर जाऊन बसला. "जा," तो म्हणाला. "दोन तास बघ. मी इथे हाय."

मुख्तार एकटा चढला. वरपर्यंत गेला, खाली आला, परत चढला. प्रत्येक चढाला पाय दाबून आकडा बघितला, थांबून माप जुळवलं, पुन्हा बघितलं. हद्द त्याने इंजिन टिकेल तिथेच ठेवली. शेवटच्या फेरीत सहा पोत्यांनिशी गाडी एकदाही अडखळली नाही. आयुष्यात इतकं चोख काम त्याने कधी केलं नव्हतं, आणि त्याचा त्याला काडीचा आनंद झाला नाही.

तो वळणाशी परत आला तेव्हा ताबिश कठड्यावर तसाच बसला होता.

"बघितलंस?"

"बघितलं."

ताबिश कठड्यावरून उठला. मग ड्रायव्हरच्या दाराशी आला. "उतर," तो म्हणाला. "मी स्वतः बघून येतो."

मुख्तार लॅपटॉप घेऊन उतरला. गाडी वळणाआड गेली. तो कठड्याशी उभा राहून इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून होता. आवाज कुठेच पडला नाही. तो चढत गेला, बारीक झाला आणि मग ऐकू येईनासा झाला. तरी मुख्तार तिथेच उभा राहिला.